अक्षरी एकशे चाळीस

रविवारी सकाळी नलूकाकूंचा फोन आला तेव्हा मी बडोद्याजवळ छाणीच्या वर्कशॉपमध्ये होतो. रविवारी आमचे रबराचे प्रेस बंद असतात, पण साचे साफ करून घ्यायचे होते म्हणून गेलो होतो. "अवि, काका गेले," काकू म्हणाल्या. "चहा अर्धाच घेतला होता." आवाज नेहमीसारखाच होता. मी 'येतो' म्हणालो, फोन ठेवला, हात पुसले... आणि मग कुणास ठाऊक का, त्यांच्या घरचा तोच नंबर पुन्हा लावला. श्रीपादकाकांनी घरचा फोन उचलून कधी 'हॅलो' म्हटलं नाही. ते म्हणायचे, 'स्लुशायू'. रशियन भाषेत 'ऐकतोय'. गॅसवाला असो की विमा एजंट, समोरचा क्षणभर गप्प व्हायचा आणि काकांना त्याची भारी गंमत वाटायची. त्या दिवशी तीन रिंगा झाल्या आणि पलीकडून काकूंनी 'हॅलो' म्हटलं. मी काही न बोलता फोन ठेवून दिला. न बोलता ठेवून देणं मला पहिल्यापासून जमतं. हा लेख त्याबद्दलच आहे.

आता दीड महिना होऊन गेला. निजामपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये शोकसभा झाली, तिथे दोघे-तिघे चांगलं बोलले. काकांना किती भाषा येत, ऐंशीनंतरही पिशवी घेऊन रोज भाजी आणायला कसे जात, गुजराती शेजाऱ्यांशी मराठीत आणि मराठी पाहुण्यांशी गुजरातीत कसे भांडत. एक गृहस्थ, मनात काही वाईट नसताना, असंही बोलून गेले की निवृत्तीनंतर श्रीपादरावांनी अनुवादाची कामं सोडून दिली, कारण लक्ष पूर्वीसारखं राहिलं नव्हतं, एक मोठी चूक झाली होती म्हणतात. पहिल्या रांगेत बसलेल्या काकूंनी पदर सारखा केला. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. घसा बसलाय, म्हणालो. घसा ठणठणीत होता.

काका आमच्या नात्यातले नव्हते. निजामपुऱ्यात आमच्या घरापासून तिसरं घर त्यांचं. त्यांचे आजोबा संस्थानच्या दप्तरात होते, वडील शाळेत संस्कृत शिकवायचे, आणि अशा घरातला हा मुलगा संध्याकाळच्या वर्गाला रशियन शिकायला गेला. का, म्हणून विचारलं की सांगायचे, "फ्रेंचच्या वर्गात जागा उरली नव्हती." पुढे कोयलीची रिफायनरी उभी राहू लागली, रशियन इंजिनिअर बडोद्यात आले, आणि त्यांची भाषा बोलणारी माणसं इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. काका दुभाषे झाले. मे महिन्यात डोक्यावर ओला टॉवेल टाकून कलिंगडाच्या फोडी खाणारे ते धिप्पाड लोक, त्यातल्या एका वयस्कर इंजिनिअरला काकांनी 'मजामा', म्हणजे 'मजेत', हा गुजराती शब्द शिकवलेला, आणि मग पंप बिघडला तरी, पाइप फुटला तरी तो बाबा 'मजामा, मजामा' करतच धावायचा... हे सांगताना काका स्वतःच इतके हसायचे की शेवट नीट ऐकूच यायचा नाही.

त्यानंतर काही वर्षांनी आपल्याकडचे काही तंत्रज्ञ शिकायला रशियातल्या एका विमानांच्या कारखान्यात जाणार होते. त्यांच्याबरोबर दुभाषा म्हणून काकांना पाठवलं गेलं. आठ महिने ते तिथे राहिले. त्या कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण काकांनीही त्या कारखान्याचा जो इतिहास लिहिला त्यात ते घेतलेलं नाही. ते नुसतं 'झावोद' म्हणत, म्हणजे कारखाना. त्यांचं म्हणणं असं की तिकडच्या विमानावर नाव असतं ते आराखडा काढणाऱ्याचं. ज्यांनी ते ठोकून-जोडून उभं केलं, त्यांचं नाव बाहेरून कुठे दिसत नाही. ते आत असतं, एकेका भागावर, तांदळाच्या दाण्याएवढं.

हा दाणा म्हणजे शिक्का. रशियन शब्द 'क्लेइमो'. भाग तपासणाऱ्याचा आणि काही पक्क्या कारागिरांचाही स्वतःचा पोलादी शिक्का असे, त्यावर ज्याचा त्याचा क्रमांक. भाग बनला, तपासला, की त्यावर तो ठोकायचा. मग ते विमान कुठेही उडो, काही निघालं तर तो भाग ज्याचा शिक्का त्याच्याकडे परत येणार. तमारा वासिल्येव्ना नावाची एक तपासनीस बाई काकांच्या तुकडीला शिकवायची. तिचा दंडक असा, की मोजमापाचा कागद उतरवून काढला की दोघांनी बसायचं. एकाने आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने मूळ कागदाकडे बघत तो परत म्हणायचा. ऐकणारा 'स्लुशायू' म्हणत नाही तोवर वाचणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. काकांनी तो शब्द तिथून उचलला आणि निजामपुऱ्यातल्या टेलिफोनला लावून टाकला. निघताना तमाराबाईंनी त्यांना आपला जुना, बाद झालेला शिक्का दिला होता. बाद केल्याची खूण म्हणून क्रमांकावरून कानस फिरवलेली. काकांच्या टेबलावर तो कायम असायचा. पोस्टाच्या पाकिटांवर ठेवायला.

त्या कारखान्याचा इतिहास मी काकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की कुणी झोपेतून उठवलं तरी सांगेन. सुरुवातीला ते घोडागाड्या आणि खुर्च्या बनवणाऱ्यांचं वर्कशॉप होतं. विमानाचे पहिले पंख सुतारांनी रंधले आणि त्यांवर ताणलेलं कापड बायकांनी शिवलं. मग पत्रा आला, रिव्हेटा आल्या, सुतारांना म्हातारपणी लोहारकी शिकावी लागली. मग महायुद्ध. जर्मन फौजा जवळ आल्या तेव्हा अख्खा कारखाना खोलून मालगाड्यांत भरला आणि पूर्वेला नेला. जिथे उतरले तिथे बर्फ, आणि वर आभाळ. गोठलेल्या जमिनीवर मशीन बसवलं, तार ओढली, काम सुरू. भिंती नंतर आल्या, छप्पर त्याच्याही नंतर. तमाराबाईंची आई त्या बर्फात उभी राहून कड्या घासत होती. तिच्या हातची एक कडी खूप दूरवरून परत आली, तडा गेलेली, तिच्याच शिक्क्याची. धामधूम अशी की कुणी विचारलंही नसतं. कडी बर्फात फेकली असती तर बर्फ वितळेपर्यंत कुणाला दिसली नसती. तर ती बाई स्वतः कडी घेऊन मुकादमापुढे गेली आणि म्हणाली, ही माझी. काका ही गोष्ट इथेच थांबवायचे. पुढे तिचं काय झालं म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पुढे तिने दुसरी कडी घासली. आणखी काय होणार?"

युद्धानंतर जेट विमानं आली, कारखान्याभोवती गाव वाढलं, त्यांची शाळा, त्यांचं इस्पितळ, त्यांचा आइस हॉकीचा संघ. काकांनी पाहिलं ते हे. पुढे तो देशच मोडला. ऑर्डरी थांबल्या. ज्या शेडमध्ये विमानांची धडं जोडली जायची तिथे ॲल्युमिनियमची पातेली आणि बाबागाड्या बनू लागल्या, आणि पगाराऐवजी लोकांच्या हातात पातेलीच मिळू लागली. तमाराबाईंनी पत्रात लिहिलं होतं की मी आता पातेल्यांवर शिक्का मारते, पण तपासते तशीच. नंतर सरकारने तसले कितीतरी कारखाने एका मोठ्या कंपनीत जमा केले, दारावरची पाटी बदलली. बाईंची पत्रं कधीतरी थांबली. काका म्हणायचे, "आठ महिने राहिलो रे मी तिथे. पण असं वाटतं की नोकरी तिथेच केली."

आणि आता माझा भाग.

तो देश मोडला तसे तिकडचे सुटे भाग मिळेनासे झाले. विमानं इकडे होतीच. मग लहान-सहान भाग इथेच बनतात का, असा शोध सुरू झाला आणि त्या शोधात छाणीच्या आमच्या वर्कशॉपपर्यंत एक चाचणीची ऑर्डर येऊन पोचली. कुणाकडून, ते सोडून देऊ. आमचे शेठ हसमुखभाई पंपांसाठी रबरी सील बनवायचे. आता विमानाची रबरी रिंग बनवायची होती, अंगठीएवढी. मी तेव्हा तिशीतला, नवा सुपरवायझर, घरी दोन वर्षांची मुलगी. रिंग कशी बनवायची त्याची पुस्तिका रशियन भाषेत होती. मीच म्हणालो, आमच्या शेजारी काका आहेत. पुस्तिका घेऊन गेलो तर काकांनी ती उघडण्याआधी कोपऱ्यातली खूण पाहिली आणि काकूंना आतून हाक मारून बोलावलं. "नलू, हे आपल्या झावोदचं आहे." पुस्तिका दोन्ही हातांनी धरली होती त्यांनी.

काकांची कामाची रीत अशी की आधी सगळं मराठीत उतरवायचं, शाईच्या पेनाने, आकडेही देवनागरी. मग त्यावरून स्वच्छ इंग्रजी. माझं डोकं मराठीत चालतं, बाकीच्या भाषा भाड्याच्या, असं म्हणायचे. मराठी खर्डा तयार झाला त्या दिवशी हसमुखभाईंनी मला सकाळपासून तीनदा विचारलं होतं. मी काकांकडे गेलो आणि म्हणालो, मराठीच द्या, इंग्रजी मी करून घेतो. ते म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांब, मी नीट उतरवून देतो. मी थांबलो नाही. दारापर्यंत आले माझ्याबरोबर. "टाइप झालं की घेऊन ये. तू वाच, मी ऐकतो. दहा मिनिटांचं काम आहे." हो म्हणालो.

गेलो नाही. दहा मिनिटांचंच काम होतं म्हणून गेलो नाही.

रबर प्रेसमध्ये किती तापमानाला शिजवायचं, तो आकडा काकांच्या कागदावर १४० होता. काकांच्या हातचा ४ वरून मिटलेला असायचा. दोन्ही टोकं एकमेकांना चिकटलेली, इंग्रजी 8 वाटावा असा. मी दिवसभर इंग्रजी आकडे बडवणारा माणूस, शाळाही इंग्रजी माध्यमाची. मी टाइप केलं, 180. आमच्याकडे दुसऱ्या एका रबराला साधारण तेवढंच तापमान लागायचं, त्यामुळे प्रेसवर कुणालाही खटकलं नाही. रिंगा दिसायला सुंदर निघाल्या, काळ्याभोर, तुळतुळीत. हसमुखभाईंनी एक बोटात घालून बघितली. पाठवल्या, आणि तीन आठवड्यांनी सगळ्या परत आल्या. चाचणीत तडकल्या होत्या. नशीब की चाचणीतच. ऑर्डर गेली ती गेलीच.

हसमुखभाई संतापी नव्हते. ते फक्त म्हणाले, "काका थी भूल थई गई लागे छे." काकांकडून चूक झालेली दिसते. विचारत होते ते, माझ्याकडे बघून. काकांचा कागद माझ्या टेबलाच्या खणात होता. आदल्याच दिवशी मी तो काढून पाहिला होता, बराच वेळ पाहिला होता, आणि तो आठ नसून चार आहे हे मला चांगलं कळलं होतं. मी हसमुखभाईंना म्हणालो, "उंमर थई ने एमनी." वय झालं ना त्यांचं. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा.

काका स्वतः वर्कशॉपवर आले. ऑटोरिक्षाने, इस्त्रीच्या शर्टात. रशियन पुस्तिका बघू म्हणाले, तर ती नियमाप्रमाणे परत गेली होती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अवि, माझा कागद असेल ना? तो बघितला की कळेल." मी म्हणालो, सापडत नाही, काका, रद्दीत गेला वाटतं. खण माझ्या गुडघ्याला लागत होता. काकांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. त्यात संशय वगैरे काही नव्हतं, ते आठवत होते, आपण काय लिहिलं ते आठवायचा प्रयत्न करत होते, आणि आकडा काही आठवेना. "मग माझंच चुकलं असणार," म्हणाले. हसमुखभाईंनी चहा मागवला. काकांनी घेतला नाही.

बडोद्याचं मराठी जग केवढंसं. महिन्याभरात सगळीकडे झालं की श्रीपादरावांचं आता जुळत नाही. एक-दोन ठिकाणांहून यायची ती कामं थांबली, आणि जी येत होती ती काकांनीच परत केली. मी मात्र राहिलो. वाढलो. आज त्याच वर्कशॉपचा मी मॅनेजर आहे, आणि टाइप झालेला प्रत्येक कागद दोघांनी वाचायचा हा नियम तिथे मी लावलेला आहे. नव्या मुलांना वाटतं, मी फार काटेकोर आहे.

काकांनी मग झावोदचा इतिहास लिहायला घेतला. मराठीत, फुलस्केप कागदांवर. तमाराबाईंची पत्रं, तेव्हाच्या वह्या, तिकडून आणलेली कारखान्याची पत्रकं, पुढे मुलीने अमेरिकेतून पाठवलेली पुस्तकं. मी दर रविवारी जायचो. का जायचो? शिक्षा म्हणून जायचो असं लिहिलं तर बरं दिसेल, पण खरं म्हणजे मला तिथे बरं वाटायचं. पहिल्या वर्षी ते मधूनच विचारायचे, "अवि, तो कागद सापडला का रे?" सहज, चष्म्याचं घर कुठे ठेवलं म्हणून विचारावं तसं. नाही, काका. बरं. दिवाळीला विचारलं, उत्तरायणाला पतंग बघायला गच्चीवर चढलो तेव्हाही विचारलं. आणि मग एकदम विचारायचे थांबले. मी म्हटलं, चला, विसरले... त्या दिवशी मी घरी येताना जिलबी आणली होती. मला आठवतं.

शेवटची भेट यंदाच्या जानेवारीतली. उत्तरायण होऊन आठवडा झाला असेल, समोरच्या तारांवर फाटके पतंग लटकत होते. काकांनी एक कापडी पिशवी माझ्यापुढे सरकवली. "झाला इतिहास. आता टाइप तू कर." मी म्हणालो, काका, हल्ली चांगली टाइप करणारी माणसं मिळतात. "मिळतात ना," ते म्हणाले. "पण तू कर. प्रकरण झालं की आणत जा. तू वाच, मी ऐकतो." मी पिशवी घेतली. मार्च उलटला की सुरू करू, असं मनाशी ठरवलं आणि ती कपाटावर ठेवली. पुढचे दोन रविवार वर्कशॉपमध्येच गेले, आणि फेब्रुवारीत काका गेले. पिशवी उघडलीही नव्हती.

उघडली ती शोकसभेनंतर. घसा बसलाय म्हणून घरी आलो आणि ती खाली काढली. पहिल्याच पानावर अडखळलो. वर्ष अक्षरात, 'एकोणीसशे' असं सुरू करून पूर्ण लिहिलेलं. सुतार अकरा, तेही अक्षरात. मालगाड्यांचे डबे, पंखाची लांबी, बर्फातलं तापमान, सगळं अक्षरी, चेकवर लिहितात तसं. शेवटी एकेक पान चाळत गेलो. चारशेच्या वर पानं आणि त्यांत एकही आकडा नाही. पानांचे क्रमांकसुद्धा कोपऱ्यात अक्षरात लिहिलेले. तमाराबाईंचा शिक्का, तोही 'सतरा'.

दुसऱ्या दिवशी मी खणातला तो कागद घेतला. हो, खणातलाच. टेबलं दोनदा बदलली, कागद दोन्ही वेळा नव्या खणात गेला. फाडणं कधी झालं नाही. काकूंपुढे तो ठेवला, बोट ठेवलं आणि म्हणालो, काकू, हा आकडा वाचा. त्यांनी चष्मा लावला.

"एकशे चाळीस," त्या म्हणाल्या. पापणी लवायच्या आत. "ह्यांचा चार असाच. डोळे मिटलेला."

मग त्यांनी सांगितलं ते मी आहे तसं लिहितो. त्या प्रकारानंतरच्या पुढच्या वर्षी मुलगी माहेरपणाला यायची होती म्हणून काकांनी रात्री दारात दूधवाल्यासाठी चिठ्ठी ठेवली, '४ थेली'. सकाळी पाहतात तर आठ पिशव्या. काकू हसत सुटल्या. काका हसले नाहीत. ती चिठ्ठी घेऊन खिडकीपाशी बसले ते जेवायलाही उठेनात. संध्याकाळी म्हणाले, "नलू, माझं चुकलं नव्हतं." काकू म्हणाल्या, मग उठा, आत्ता जाऊन सांगा त्या हसमुखभाईंना. तर म्हणाले, "सांगून काय करू? तो कागद वाचणारा एकच जण होता. नोकरी नवी आहे त्याची, मुलगी लहान आहे. सांगेल तोच." त्या दिवसापासून आकडा लिहिणं सोडलं. आणि मला कागदाबद्दल विचारणंही.

"वाट बघत होते हे तुझी," काकू म्हणाल्या. "मी नव्हते. मी चिडले होते. तुझ्या चहात साखर कमी घालायचे, कितीतरी वर्षं."

मला वाटायचं, काकूंना माझ्या तब्येतीची काळजी आहे. तसं मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, मीही हसलो नाही, पण काहीतरी थोडं सैल झालं. मग त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी तिथेच बसून राहिलो. वीस-बावीस वर्षं एक माणूस दर रविवारी दार उघडत होता आणि त्या दारात उभा राहून मी 'काका, कसे आहात' विचारत होतो... आता थकलोय मी. लपवण्याने माणूस किती थकतो हे लपवणं चालू असताना कळत नाही.

हसमुखभाई आता पंच्याऐंशीचे आहेत, घरी झोपाळ्यावर असतात. त्यांनाही जाऊन सांगितलं. त्यांनी झोपाळा पायाने थांबवला, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "ते वखते कह्युं होत तो य हुं तमने काढी न मूकत, अविनाशभाई." तेव्हा सांगितलं असतं तरी मी तुम्हाला काढलं नसतं. मग झोपाळा पुन्हा हलवत, "काका तो गया. हवे कोने कहेवानुं?" आता कुणाला सांगायचं?

त्यांच्या त्या प्रश्नाला मी हा लेख लिहून उत्तर देतोय. ज्यांनी ज्यांनी तेव्हा ऐकलं, पुढे सांगितलं, परवा शोकसभेतही सांगितलं, त्या सगळ्यांना सांगायचं. श्रीपादकाकांच्या अनुवादात चूक नव्हती. त्यांच्या कागदावर एकशे चाळीस होतं आणि आहे. एकशे ऐंशी मी टाइप केलं, कागद मी लपवला, आणि त्यांचं वय झालं असं मीच म्हणालो. इतिहासाचं पुस्तक झालं की शेवटी शुद्धिपत्र जोडायचं ठरवलंय. त्यात एकच ओळ असेल, माझ्या नावाची, आणि ती त्या पुस्तकातली चूक नसेल.

टाइप मी करतोय. दर रविवारी एका प्रकरणाच्या छापील प्रती घेऊन काकूंकडे जातो. खिडकीपाशी काकांची वेताची खुर्ची आहे, तिच्यावर कुणी बसत नाही, मी बाजूच्या बुटक्या मोड्यावर बसतो. पाकिटांवर असायचा तो शिक्का आता हस्तलिखितावर असतो, पंख्याने पानं उडू नयेत म्हणून. पहिल्या रविवारी मी कागद काढले आणि वाचायला सुरुवात करणार, तेवढ्यात काकूंनी हात वर केला. शिक्का उचलून बाजूला ठेवला. चष्मा लावला, काकांचं पहिलं पान मांडीवर सरळ केलं, 'अकरा सुतार' लिहिलंय त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हं," त्या म्हणाल्या. "स्लुशायू."